गाडीतला करंट कोण खातं

२ मार्च १९८३, आर्वी

आजपासून रोज लिहायचं. फक्त गाडीच्या बॅटरीबद्दल. दुसरं रडगाणं या वहीत नको.

झालं असं की सकाळी रूपराव आला, किल्ली फिरवली आणि गाडी एकदा कण्हून गप्प झाली. बॅटरी उतरली. मागच्या महिन्यातही असंच झालं होतं. हे होते तोवर एकदाही नाही. म्हणजे बॅटरी आपोआप उतरत नसते, तिला कोणीतरी उतरवतं.

रूपराव म्हणे, काकू, आतला पंखा-गिंखा चालू राहून जाते काय तुमच्याकून? मी म्हटलं, मी डेपोतल्या मेकॅनिकची बायको आहे, माझ्याकडून काही चालू राहत नाही. तो म्हणे, तसं नाई म्हनून राह्यलो मी. मग कसं म्हणत होता, ते विचारायचं राहिलं.

शेवटी ढकलली. समोरची जयवंताही पदर खोचून आली. म्हणे, काकू, हे गाडी हाय का भाकड म्हैस? उठवल्याबिगर उठत नाई, अन् उठून बी काही देत नाई.

संध्याकाळी थोडा वेळ गाडीत बसले. वाचलं.

३ मार्च

नीट मांडून लिहिलं की डोकं नीट चालतं. म्हणून एकदा सगळं मांडते.

गाडी मॅटॅडोर. आधी एका बेकरीची होती. हे एसटीतून रिटायर झाले तेव्हा घेतली. आम्ही दोघांनी देश पाहायचा म्हणून आत फळीचा पलंग केला, खाली स्टोव्हची पेटी, खिडकीला पडदा, छताला बल्ब, कोपऱ्यात छोटा पंखा, एक रेडिओ. बॅटरी एकच. इंजिनालाही तीच, दिव्यालाही तीच. हे म्हणायचे, दिव्यासाठी दुसरी बसवू पुढच्या वर्षी. एकदा काशीला जाऊन आलो. पुढचं वर्ष आलं, हे नाहीत. उन्हं तापली की आत अजून पावाचा वास येतो.

रूपराव जवळच्याच रोहणा गावचा. ट्रक चालवत होता, मालकाने ट्रक विकला, तेव्हापासून मिळेल ते काम. आठवड्यातून दोनदा येतो आणि गाडी फिरवून आणतो, कारण उभी गाडी मरते.

संकल्प: मे महिन्यात कन्याकुमारी. मी आणि मनकर्णाबाई. रूपराव चालवेल. मनकर्णाबाई माझी बालमैत्रीण, तीही माझ्यासारखीच एकटी. तिला आजच सांगून आले. म्हणे, व माय, मी तं हिंगणघाटच्या पुढे गेलीच नाई. तिने लोणचं घालायला घेतलंसुद्धा.

त्याआधी बॅटरी खाणारा पकडायचा.

संध्याकाळी गाडीत वाचलं. घरात ट्यूबलाइट आहे पण ती डोळ्यांवर येते. गाडीतला बल्ब मऊ आहे. एवढासा. तो काय खाणार!

६ मार्च

बॅटरी मोजायचं यंत्र घ्यायचं. ठरलं. मोजमाप आलं की वाद मिटतो.

चार जणांना विचारलं. चौघांची चार मतं.

बॅटरीवाला म्हणतो काचेची नळी घ्या. तिला रबरी फुगा असतो, बॅटरीतलं तेजाब नळीत ओढायचं, आत एक दांडी तरंगते. दांडीचा हिरवा पट्टा दिसला की भरलेली, लाल दिसला की उतरलेली.

जावयांनी नागपूरहून कळवलं, मल्टिमीटर घ्या. सोबत चित्र काढून पाठवलं आहे. चित्रात इतक्या तारा आहेत की तो मीटर आहे की शेवयांचं ताट, कळत नाही. खाली नलूने लिहिलं आहे, आई, गाडी विकून टाक ना.

जयवंता म्हणे, दोन तारा एकमेकीले लावून पाहाच्या, ठिणगी उडाली तं जित्ती, नाई तं मेली. तिच्या नवऱ्याच्या मिशा अशाच एकदा जळल्या होत्या, ते तिने सांगितलं नाही, पण मला माहीत आहे.

रूपराव म्हणे, कायले पैसे घालता काकू, हॉर्न मारून पाहाचा. आवाज घोगरा आला का समजाचं. हा तर मीटर नकोच म्हणतो. लक्षात ठेवण्यासारखं आहे.

संध्याकाळी गाडीत. पंखा लावावा लागला, डास फार.

९ मार्च

बॅटरीवाल्याकडे जाऊन काचेची नळी हाताळून पाहिली. एक थेंब पडला. लुगड्याला आधी काही दिसलं नाही, घरी येईपर्यंत वाटाण्याएवढं भोक. यांनी काशीला घेतलेलं लुगडं.

नळी रद्द.

११ मार्च

पुन्हा उतरली!

आता मात्र मी डोळे उघडे ठेवले होते. परवा रूपराव गाडी धुवायला आला तेव्हा आत बसून रेडिओ लावला होता. मी गेले तर लगेच बंद केला. बंद का केला? ज्याच्या मनात काही नाही तो बंद करत नाही.

मी विचारलं, रूपराव, रेडिओ रोज लावतोस का? तो म्हणे, एक गानं आयकलं काकू, गाडी धुता धुता. मी म्हटलं, एकेका गाण्यानेच बॅटरी उतरते. त्याने पाण्याची बालदी उचलली आणि चाकं धुवायला लागला. उत्तर दिलं नाही. उत्तर असतं तर दिलं असतं.

बॅटरी काढून चार्जिंगला पाठवली. ती नसल्याने संध्याकाळी गाडीत अंधारातच बसले. वाचता आलं नाही. रूपरावामुळे.

१२ मार्च

चक्कीवर गव्हाचा डबा घेऊन गेले होते. बायका बसल्या होत्या. जयवंताने विचारलं, काकू, सापडला का बॅटरी खानारा? चक्की चालू असल्यामुळे जरा मोठ्याने बोलावं लागलं. मी सांगितलं, रूपराव खातो.

चक्कीवाला बाबाराव म्हणे, थो तं सरळ दिसते बाप्पा. जयवंता त्याला म्हणे, काकू पुस्तकं वाचते, त्याहिले समजते. मी डबा पुढे सरकवला. खरं म्हणजे बरं वाटलं. लग्न झालं तेव्हा मला सही येत नव्हती. यांनी आणलेल्या पेपरातून, डेपोच्या जुन्या नोटिसांतून एकेक अक्षर शिकले. आज गल्ली माझ्या शब्दावर चालते.

पीठ जाड आलं.

१४ मार्च

किसनराव आले होते. मोठे शेतकरी, पण पाय जमिनीवर. नवा ट्रॅक्टर घेतला आहे, कायमचा ड्रायव्हर पाहिजे. वहिनी, रूपराव कसा मानूस आहे? त्याले ठेवाचं म्हनतो, बाराही महिने काम देतो.

मी विचार करून उत्तर दिलं. हात चांगला आहे. जपून चालवतो. दारू नाही. फक्त बॅटरीच्या बाबतीत मी खात्री देणार नाही.

किसनराव म्हणे, चक्कीवरची गोष्ट मले बी आयकू आली, म्हूनच विचारून राह्यलो. एवढं पुरे झालं, म्हणे. आणि बशीतला चहा अर्धा ठेवून गेले.

खरं तेच सांगितलं. खात्री नाही म्हटलं, चोर म्हटलं नाही. या दोन गोष्टींत फरक आहे.

बॅटरी भरून आली. गाडीत वाचलं. रेडिओवर भजन होतं, तेवढंच ऐकलं. भजनाचं रूपरावाच्या गाण्यासारखं नसतं.

१६ मार्च

रूपराव आला. किल्ली ओट्यावर ठेवली. म्हणे, काकू, दुसरा पाहून घ्याजो. मी म्हटलं, बस, चहा घे. तो म्हणे, किसनरावानं नाई म्हनलं मले. भाच्याले ट्रॅक्टर देल्ला. मी म्हटलं, त्यांचा भाचा, ते त्यांचं बघतील. तो माझ्याकडे पाहत उभा राहिला. मग सायकल घेऊन गेला.

चहा ओतून दिला. दोन कप पिऊन झोप येत नाही.

एक फायदा. आता मीटर आला की सिद्धच होईल. रूपराव नाही तर बॅटरी उतरणार नाही.

२० मार्च

एसटीने वर्ध्याला जाऊन आले. ट्रकच्या सामानाचं दुकान. दुकानदाराने दोन घड्याळं पुढे ठेवली, दोन्हींत एकेक सुई.

एक ॲमीटर. करंट येतो आहे की जातो आहे ते दाखवतो. दुसरा व्होल्टमीटर. किती उरला ते दाखवतो.

मी विचारलं, कोण नेतो ते दाखवणारा आहे का? दुकानदार म्हणे, बाई, तो पोलीस स्टेशनात भेटते. दुकानातले लोक हसले. मीही हसले, कारण एकटीनेच न हसणं वाईट दिसतं.

बराच विचार करून व्होल्टमीटर घेतला. येणारं-जाणारं पाहत कोण बसेल? पिठाचा डबा उघडला की किती उरलं ते दिसावं, तसं हे. शिवाय सुईखालचे आकडे सोळापर्यंत आहेत, ते मला फार पसंत पडलं. सोळा आणे म्हणजे पूर्ण. दुकानदार काहीतरी समजावून सांगत होता, पण बसची वेळ झाली होती आणि मला समजलं होतं.

कन्याकुमारी फार लांब पडते, उन्हाळ्यात इंजिन तापेल. ओंकारेश्वर ठरवलं. मनकर्णाबाईला कळवलं.

२२ मार्च

बॅटरीवाल्याने मीटर बसवून दिला. पलंगाजवळ, दिव्याच्या बटणाखाली. म्हणजे मला पडल्या पडल्या दिसेल.

सुई साडेबारावर. सोळांपैकी साडेबारा आणे! इतके दिवस उगाच काळजी केली.

संध्याकाळी निर्धास्त वाचलं. पंखाही लावला.

२३ मार्च

सकाळी साडेबारा. संध्याकाळी वाचून उठताना पाहिलं तर बारा. अर्धा आणा गेला. मी स्वतः आत बसलेली असताना! चोराची हिंमत पाहा.

२४ मार्च

आज सकाळी सुई सव्वाबारावर. म्हणजे पाव आणा परत आला. कोणी परत आणून ठेवला? विचार केला. ज्याने नेला त्याला लाज वाटली असेल.

पण गाडीला कुलूप होतं.

२५ मार्च

अकरा आणे तीन पैसे, असं धरते. अजून पुष्कळ आहे. पाऊण डब्याच्या आसपास आहे तोवर ओरडायचं कारण नाही.

रूपराव नऊ दिवस झाले आलेला नाही. तरी सुई उतरते आहे. रोहण्याहून इथपर्यंत तो काही करू शकेल का? जावयांना विचारावं. नको. हसतील.

२७ मार्च

अकरा. गाडीत वाचलं नाही, नुसती बसले. पंखा होता. रेडिओ होता. पलंगावर मी खिडकीकडच्या बाजूला बसते. दुसरी बाजू यांची, ती मी दाबत नाही.

२८ मार्च

बल्ब लाल झाला, पंखा थांबला. मीटरमध्ये साडेदहा आणे आणि बॅटरी मेलेली. मीटर खोटा निघाला!

बॅटरीवाल्याला बोलावून चांगलं सुनावलं. दहा आणे शिल्लक असताना बंद कशी पडते? तो आधी समजलाच नाही. मग समजला आणि ओट्यावर बसला. म्हणे, काकू, हे आने नव्हे. भरेल बॅटरी म्हंजे साडेबाराच. बारावर आली म्हंजे संपतच आली. अकरावर तं तुमी तिची माती केली. मी म्हटलं, मग सोळापर्यंत आकडे कशाला छापले? तो म्हणे, स्कूटरच्या मीटरवर बी शंभर लिवलं राह्यते काकू, म्हून काय शंभरनं जाते का कोनी?

यांना विचारलं असतं तर यांनी सांगितलं असतं. विचारायला उशीर झाला.

बॅटरी पुन्हा चार्जिंगला. ओंकारेश्वर रद्द. रामटेक ठरवलं. मनकर्णाबाई म्हणे, चालन माय, रामटेक बी चांगलं हाय. लोणचं मुरलं आहे म्हणे.

३० मार्च

बॅटरी आली. एकदा नीट पाहायचं ठरवलं.

दुपारी गाडीत बसले. सगळं बंद. सुई साडेबारावर. पंखा लावला. सुई किंचित खाली आली. बंद केला, वर आली. दिवा लावला, खाली. रेडिओ लावला, आणखी खाली. तिन्ही लावून बसून राहिले. सुई हळूहळू सरकत होती. गाडीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

सगळं बंद केलं आणि तशीच बसले. घाम आला.

३१ मार्च

घाईने निष्कर्ष काढू नये. बॅटरी जुनी आहे. जुनी माणसंही लवकर थकतात. थोडं माझ्यामुळे, थोडं वयामुळे, थोडं रूपरावाच्या एका गाण्यामुळे. सगळ्यांचा वाटा धरला तर माझा फार मोठा निघत नाही.

आज गाडीत बसले नाही. घरात ट्यूबलाइट लावून वाचायला घेतलं. तेच पान पुन्हा पुन्हा वाचलं. यांची खुर्ची समोर होती. उठून तिच्यावर वाळलेले कपडे ठेवले. मग कपडे घातलेलं कोणी बसल्यासारखं वाटायला लागलं. गाडीत गेले.

२ एप्रिल

जयवंता दारात मिरच्या निवडत होती. मी सहज म्हटलं, बॅटरीचं काही वेगळंच असावं असं वाटतं. ती म्हणे, काय वेगळं काकू, तुमी रोज दिवा लावून बसता नं गाडीत. तुमचा दिवा लागला का आमी कुकर लावतो, दिवा बंद झाला का अंथरून टाकतो.

मी म्हटलं, तुला माहीत होतं? ती म्हणे, गल्लीलेच माहीत हाय, पडद्यातून उजेड दिसते. मग तू चक्कीवर बोलली का नाहीस? ती म्हणे, तुमी रूपराव म्हनलं. मले वाटलं, तुमचा दिवा वेगळा अन् बॅटरी वेगळी असंन. वाचनाऱ्या मानसाले कोन विचारन?

ती मिरच्या निवडत राहिली. मी मदत करायला बसले. हात डोळ्यांना लावला. बरं झालं, पाण्याला कारण मिळालं.

३ एप्रिल

चूक झाली असेल तर ती सरळ कबूल करावी. मी त्यातली बाई आहे. रूपरावाच्या घरी जाऊन सांगणार. उद्या.

४ एप्रिल

आज गुडघा दुखत होता.

५ एप्रिल

गुडघा बरा. पण बाजाराचा दिवस, बसला गर्दी असते.

६ एप्रिल

रोहण्याला गेले, एसटीने. घर शोधायला वेळ लागला नाही, त्याचं नाव घेतल्यावर लोक रस्ता दाखवत आणि मग माझ्याकडे पाहत.

रूपराव घरी नव्हता. जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायला जातो आहे म्हणे. ड्रायव्हर माणूस गठाणी उचलतो. त्याची बायको बायजा होती. तिने पाणी दिलं. मी शेळी पाहिली, म्हटलं, शेळी छान आहे. ती म्हणे, शेजाऱ्याची हाय. आमची इकली.

मग मी जे पाठ करून गेले होते ते म्हणायला घेतलं. त्यातलं तोंडातून एवढंच आलं, की थोडा गैरसमज झाला असावा.

बायजा म्हणे, कोनाचा? मी म्हटलं, सगळ्यांचाच. ती म्हणे, आमचा नाई झाला काकू. आमाले माहीत होतं. त्यायनं पहिल्याच दिशी सांगतलं मले, काकू गाडीत बसून राह्यते, एकटी हाय बिचारी, पंख्याचं मी काय बोलू. 

मला उठता येईना आणि बसवेना. मी म्हटलं, मी किसनरावांना सांगते. ती म्हणे, त्याहिले चक्कीवरून समजलं होतं. जिथं म्हनलं तिथं म्हना. मले नोका सांगू. अन् गैरसमज नोका म्हनू.

परत येताना खिडकीची जागा मिळाली. खिडकीतून काही पाहिलं नाही.

८ एप्रिल

चक्कीवर जाऊन सांगितलं. जाहीर. सर्वांसमक्ष.

डबा भरलेला नव्हता म्हणून शेरभर ज्वारी नेली. बायका होत्या. बाबाराव चक्कीत दाणे सोडत होता. चक्की पूर्ण जोरात आली तेव्हा मी स्पष्ट शब्दांत म्हटलं, रूपरावाने काही केलं नाही, ती मीच. कोणी काही आक्षेप घेतला नाही.

मन हलकं झालं. वाटलं होतं तितकं कठीण नव्हतं. रात्री शांत झोप लागेल.

९ एप्रिल

जयवंता म्हणे, काकू, काल चक्कीवर तुमी तोंड हालवून काय म्हनत होत्या? मले वाटलं हरिपाठ म्हनून राह्यल्या.

मी सांगितलं, काय म्हणत होते ते. ती म्हणे, आयकू नाई आलं. मी म्हटलं, चक्कीचा आवाज केवढा असतो. तर ती म्हणे, त्या दिशी रूपरावाचं नाव घेतलं तवा बी तेवढाच होता. बरोबर आयकू आलं होतं.

झोप लागली नव्हतीच.

११ एप्रिल

आज मोठ्याने म्हणायचं ठरवून गेले. तरी चक्की चालू व्हायची वाट पाहिली. ते इथे लिहिते, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही.

बाबारावने पट्टा चढवला. मी भिंतीजवळ उभी राहून ओरडायला लागले. रूपराव चोर नाही. बॅटरी मी खाल्ली. मीच दिवा लावत होते, पंखा लावत होते, रोज. कोणाचं लक्ष नव्हतं. एक बाई कानाला हात लावून जवळ आली. मी अजून मोठ्याने ओरडले. आणि लाइट गेली.

चक्की थांबली आणि माझा आवाज राहिला. घरात मला एकटीला बसवत नाही, एवढंच सगळ्यांना ऐकू आलं. चक्कीत, ओट्यावर, बाहेर रस्त्यावर. पीठ चाळणारी बाईसुद्धा थांबली.

कोणीतरी म्हणालं, या काकू, बसा. मला बसायला पोतं दिलं. जयवंता पाठीवरून हात फिरवायला लागली. म्हणे, रडू नोका, आमी हाओ नं. सगळ्या हळहळल्या. मला दया मिळाली. मी जे सांगायला आले होते ते मात्र चक्कीबरोबर गेलं होतं.

थोडा वेळ मी पोत्यावर बसूनच राहिले. बरं वाटत होतं. घरी जाता आलं असतं. मग बाबाराव म्हणे, आधी काय म्हनत होत्या काकू? रूपराव का काय?

उठून उभी राहिले. लाइट नव्हती, त्यामुळे ओरडायचं कारण उरलं नाही. साध्या आवाजात सांगितलं. तो चोर नाही. मी खोटं बोलले. त्याचं काम माझ्या बोलण्याने गेलं.

बायका माझ्याकडे पाहत होत्या. जयवंताचा हात पाठीवरून निघाला. एक म्हातारी म्हणाली, अन् आमी बी खरं मानलं व माय. बाजारात भेटली तं त्याच्या बायकोसंग बोलनं सोडलं म्या. लाइट लवकर आली नाही.

ज्वारी तशीच परत आणली.

१२ एप्रिल

किसनरावांकडे गेले, सरळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणे, वहिनी, तुमच्या शब्दावर ठेवला नाई, आता तुमच्याच शब्दावर ठेवू? मी म्हटलं, माझ्या शब्दावर नको, त्याचा हात पाहून ठेवा. ते म्हणे, भाच्यानं ट्रॅक्टर नाल्यात घातलाच हाय परवा. पाहतो. चहा दिला नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. थोडी केली होती.

मनकर्णाबाईला सांगितलं की यंदा गाडी निघत नाही. ड्रायव्हर नाही. ती म्हणे, मले मालूमच होतं. मी तं लोनचं खायले काढलं.

१५ एप्रिल

किसनरावांनी रूपरावाला बोलावलं. कायमचं काम. बातमी जयवंताने आणली.

मी लगेच विचार केला की हे माझ्यामुळे झालं. मग ते वाक्य लिहून खोडलं.

१६ एप्रिल

रूपराव येईल असं धरून चहाचं आधण जास्त ठेवलं. मी सगळ्यांसमोर बोलले ते त्याच्या कानावर गेलं असणार. माणूस मनाने मोठा आहे. माफी त्याच्याकडे मागायची राहिली आहे, ती तो आला की मागेन. स्वतःहून पुन्हा रोहण्याला जाणं बरं दिसत नाही, त्यांना उगाच संकोच.

१८ एप्रिल

आला नाही. नवं काम आहे, वेळ मिळत नसेल.

२१ एप्रिल

पोस्टात जाताना किसनरावांच्या वावराजवळ रूपराव दिसला. ट्रॅक्टरवर बसला होता. मी बांधाशी थांबले. रूपराव, म्हणून हाक मारली. हात वर केला. जे म्हणायचं होतं ते या वेळी पूर्ण तोंडात होतं.

त्याने मान वळवली नाही. समोर पाहत राहिला. थोडा वेळ थांबून मी पोस्टात गेले.

स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाने इकडेतिकडे पाहू नये. नजर रस्त्यावर पाहिजे. चांगला ड्रायव्हर असाच असतो, यात त्याचं काही चुकलं नाही.

वर लिहिलेलं वाचून पाहिलं. ट्रॅक्टर उभा होता. इंजिन बंद होतं.